लग्न ‘विथ’ नाही, ‘टू’!

‘शी इज मॅरीड विथ अ डॉक्टर.’ वाचून काय वाटलं? बऱ्याच जणींना या वाक्यात काहीच खटकणार नाही. लग्न कुणाशी होतं? डॉक्टरशी. आणि ‘शी’ म्हणजे ‘विथ’. हिशोब सरळ आहे. पण इंग्रजीला तो मान्य नाही. तिथे लग्न ‘विथ’ होत नाही, ‘टू’ होतं. ‘शी इज मॅरीड टू अ डॉक्टर.’ आणि तिनं लग्न केलं, एवढंच सांगायचं असेल तर ‘टू’सुद्धा नको. ‘शी मॅरीड अ डॉक्टर.’ संपलं वाक्य.

आता गंमत बघा. ‘शी इज मॅरीड विथ टू चिल्ड्रन’ हे वाक्य मात्र अगदी बरोबर आहे! दोन मुलांशी लग्न लागलं असा त्याचा अर्थ नाही हं. लग्न झालंय आणि पदरात दोन मुलं आहेत, एवढाच अर्थ.

मैत्रिणींनो, इंग्रजी म्हटलं की आपल्याला आधी स्पेलिंगची भीती वाटते, मग भूतकाळ-भविष्यकाळाची. पण बोलायला तोंड उघडलं की पाय अडकतो तो या इवल्या इवल्या शब्दांत. इन, ऑन, ॲट, टू, फॉर, बाय, विथ, फ्रॉम, ऑफ. शाळेत यांना प्रीपोझिशन म्हणायचे. दोन-चार अक्षरांचे शब्द, पण पालकसभेत बाईंशी बोलताना, बँकेत, मुलाखतीत नेमके तेच जिभेवर अडखळतात. ‘इन’ म्हणू की ‘ॲट’ म्हणू, असा विचार करेपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो. मग आपण गप्प बसतो. घरी आल्यावर मनात वाक्य जुळतं, पण तेव्हा ऐकायला कुणी नसतं.

यात आपला दोष किती, तेही एकदा बघायला हवं. महाराष्ट्रात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. त्याआधी पाचवीत गेल्यावर एबीसीडी. म्हणजे आज पस्तिशीच्या पुढे असलेल्या आणि मराठी माध्यमात शिकलेल्या आपण बहुतेक जणी इंग्रजीला भेटलो त्याच मुळी दहाव्या-अकराव्या वर्षी. तेही कानानं नाही, पुस्तकातून. मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर घराघरातल्या पिढ्या शिकल्या. त्या पद्धतीनं वाचायला-लिहायला नक्कीच आलं. पण एक सवयही लागली. आधी मनात मराठी वाक्य, मग शब्दाला शब्द. आणि या छोट्या शब्दांच्या बाबतीत हीच सवय आपल्याला दगा देते.

आपलं मागे, त्यांचं पुढे

मराठीत ‘टेबलावर’ हा एकच शब्द आहे. ‘वर’ हे ‘टेबला’ला मागून चिकटलंय. ‘घरात’मधला ‘त’, ‘आईला’मधला ‘ला’, ‘सुरीने’मधला ‘ने’, सगळे मागून येणारे. व्याकरणात यातल्या काहींना विभक्तीचे प्रत्यय म्हणतात, काहींना शब्दयोगी अव्ययं. नावं विसरलात तरी चालेल. इंग्रजीत हेच काम करणारा शब्द सुटा असतो आणि नामाच्या पुढे उभा राहतो. ‘ऑन द टेबल’. प्रीपोझिशन या नावाचाच अर्थ ‘आधी ठेवलेला’.

जागेचा हा फरक चार दिवसांत अंगवळणी पडतो. खरी अडचण दुसरीच आहे. आपण मनात एक तक्ता करून ठेवलेला असतो. ‘वर’ म्हणजे ऑन, ‘त’ म्हणजे इन, ‘ला’ म्हणजे टू, ‘ने’ म्हणजे बाय, ‘शी’ म्हणजे विथ. हा तक्ता निम्म्या वेळा चालतो, म्हणून तर आपला त्याच्यावर विश्वास बसतो. उरलेल्या निम्म्या वेळी तोच तोंडघशी पाडतो.

घरी, शाळेत, गावाला

का पाडतो, ते आपल्याच भाषेतून समजून घेऊ. समजा, एक बाई मराठी शिकते आहे. ती तुम्हाला विचारते, ‘कुठे जायचं असेल तर काय लावायचं?’ काय सांगाल?

आपण गावाला जातो. पण घराला जात नाही, घरी जातो. शाळेला जातो असंही म्हणतो आणि शाळेत जातो असंही म्हणतो. डॉक्टरकडे जातो. डोंगरावर जातो. माहेराला नाही जात, माहेरी जातो. इंग्रजीत यातल्या बहुतेक ठिकाणी एक ‘टू’ पुरतो, आपल्याकडे मात्र ही एवढी पंगत. ती बाई म्हणेल, ‘याचा नियम काय?’ आणि आपण म्हणू, ‘नियम-बियम नाही बाई, असंच म्हणतात.’

‘असंच म्हणतात’ हेच तर खरं उत्तर! आपल्याला ‘माहेरी’ कुणी शिकवलं नाही. ‘माहेर’ हा शब्द कानावर पडला तोच ‘माहेरी’, ‘माहेरची’, ‘माहेराहून’ अशा रूपांतून. इंग्रजीतही ‘मॅरीड’ हा शब्द त्यांच्या मुलांच्या कानावर पडतो तो ‘मॅरीड टू’ असाच. ‘आफ्रेड’ पडतो तो ‘आफ्रेड ऑफ’ असा. नियम थोडे आहेत, ते पुढे बघूच. पण पुष्कळ ठिकाणी नियम शोधत बसण्यापेक्षा शब्द जोडीनं पाठ करणं सोपं पडतं.

एका ‘वर’ची किती रूपं!

आधी ‘वर’ घेऊ. पुस्तक टेबलावर आहे, इथे ‘ऑन’. यंदाचं पीक पावसावर अवलंबून आहे, इथेही ‘डिपेंड ऑन’. इथपर्यंत तक्ता खरा. पण ताई माझ्यावर रागावली, तर ‘अँग्री ऑन मी’ नाही, ‘अँग्री विथ मी’. देवावर विश्वास आहे, तर ‘बिलीव्ह इन गॉड’. बाई मुलांवर ओरडल्या, तर ‘शाउटेड ॲट’. आणि मुलांवर प्रेम आहे, तिथे तर काहीच नको. ‘आय लव्ह माय चिल्ड्रन.’ प्रेमाच्या आणि माणसाच्या मध्ये इंग्रजीत कुणी येत नाही.

आता ‘ने’. मी बसने आले, ‘बाय बस’. मी सुरीने भाजी चिरली, ‘विथ अ नाइफ’. हे पत्र आजोबांनी लिहिलं, ‘बाय’. चालत आले असेन तर ‘ऑन फूट’. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे. हातात धरायचं हत्यार किंवा वस्तू असेल तर ‘विथ’. ज्यानं काम केलं तो माणूस किंवा प्रवासाचं साधन असेल तर ‘बाय’.

आणि ‘ला’. मी मुंबईला गेले, ‘वेंट टू मुंबई’. पण मी मुंबईला पोचले, तर ‘रीच्ड मुंबई’. मध्ये ‘टू’ नाही, ‘ॲट’ नाही. मला विचार, ‘आस्क मी’. मी लग्नाला हजर होते, ‘आय अटेंडेड द वेडिंग’. मी कुत्र्याला घाबरते, ‘आय ॲम आफ्रेड ऑफ डॉग्ज’. आणि दहाला ये, ‘कम ॲट टेन’. एक ‘ला’, आणि इंग्रजीत ‘टू’, ‘ऑफ’, ‘ॲट’ किंवा काहीच नाही!

‘काहीच नाही’ हा प्रकार आपल्याला फार जड जातो. आपल्या कानाला रिकामी जागा सोसत नाही. म्हणून ‘डिस्कस अबाउट’ येतं. ‘वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम’ एवढंच पुरे. पण ‘टॉक’ला मात्र ‘अबाउट’ हवं, ‘वी टॉक्ड अबाउट द प्रॉब्लेम.’ रीच, डिस्कस, मॅरी, अटेंड, एंटर, कॉन्टॅक्ट, आन्सर. खोलीत शिरलो, लग्न केलं, फोनला उत्तर दिलं, अशा साध्या अर्थानं वापरताना ही सात क्रियापदं सडीफटिंग असतात. त्यांच्या मागे कुणाला जोडू नका.

यातही एक मेख आहे. याच शब्दाचं नाम केलं तर सोबती लागतो. ‘वी ऑर्डर्ड टू साड्याज’ यात काही नको, पण ‘ॲन ऑर्डर फॉर टू साड्याज’ यात ‘फॉर’ हवा. ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’, पण ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. आपण ही दोन रूपं एकत्र करतो आणि ‘ऑर्डर्ड फॉर’ म्हणून मोकळ्या होतो.

‘पासून’ आणि ‘पर्यंत’

इथे जरा थांबून वाचा, कारण हा भाग पैशांचा आणि तारखांचा आहे.

बचत गटाची एखादी ताई मुंबईला महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात स्टॉल लावते. परगावचं गिऱ्हाईक विचारतं, किती वर्षं पापड करता? ती सांगते, ‘सिन्स टेन इयर्स.’ मराठीत दहा वर्षांपासून, म्हणून ‘सिन्स’. पण हवं होतं ‘फॉर टेन इयर्स’. आपला ‘पासून’ दोन्हीकडे चालतो, 2015 पासून आणि दहा वर्षांपासून. इंग्रजीनं ती दोन खाती वेगळी ठेवली आहेत. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’: सिन्स 2015, सिन्स मंडे, सिन्स दिवाळी. किती काळ झाला ते मोजून सांगायचं तर ‘फॉर’: फॉर टेन इयर्स, फॉर थ्री डेज. युक्ती सांगते. कॅलेंडरवर बोट ठेवता आलं तर ‘सिन्स’. बोटांवर मोजावं लागलं तर ‘फॉर’.

‘पर्यंत’चं दुखणं याहून मोठं. ‘15 जूनपर्यंत फॉर्म भरा’ आणि ‘15 जूनपर्यंत कार्यालय उघडं आहे’ या दोन्हीत आपला शब्द एकच. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’ आणि दुसऱ्याला ‘टिल’. फॉर्म एकदाच भरायचा, त्या तारखेपर्यंत कधीही, म्हणून ‘सबमिट द फॉर्म बाय 15 जून’. कार्यालय मात्र रोज उघडं राहणार, म्हणून ‘ओपन टिल 15 जून’. एकदाच घडणारं काम असेल तर बाय, सतत चालू राहणारं असेल तर टिल.

आणि नोटिशीत नुसतं ‘बिफोर 15 जून’ असेल तर? तर 15 तारीख तुमची नाही. शेवटचा दिवस 14. ‘ऑन ऑर बिफोर 15 जून’ असेल तर 15 सुद्धा धरायची. लाइट बिल असो, मुलीच्या कॉलेजचा प्रवेश असो की शिष्यवृत्तीचा अर्ज, एक ‘ऑन’ असण्या-नसण्यावर एक अख्खा दिवस जातो-येतो. तारखेचा आकडा आपण दोनदा वाचतो. तिच्या आधीचा शब्दही दोनदा वाचायची सवय लावून घ्या.

अजून एक. दवाखान्यात सांगतात, ‘डॉक्टर विल बी बॅक इन टू आवर्स.’ ‘इन’ म्हणजे ‘त’, म्हणजे दोन तासांत केव्हाही येतील, असं समजून आपण बाकावर ठाण मांडतो. पण इथे ‘इन टू आवर्स’ म्हणजे दोन तासांनी. दोन तासांच्या आत, असं म्हणायचं असेल तर ‘विदिन टू आवर्स’. नीट कळलं तर तेवढ्या वेळात बाजार करून येता येईल की!

पत्ता लिहिता येतो ना? मग हेही येईल

इन, ऑन, ॲट या तिघांचं भांडण मात्र बऱ्यापैकी सोडवता येतं. मोठ्या डब्यातला मधला डबा, त्यातला छोटा डबा, असं डोळ्यांसमोर आणा.

सगळ्यात मोठा डबा ‘इन’. इन महाराष्ट्र, इन साताऱ्या, इन 2024, इन जून. मधला डबा ‘ऑन’. ऑन स्टेशन रोड, ऑन मंडे, ऑन 15 ऑगस्ट. आणि सगळ्यात छोटा, नेमक्या जागेचा आणि नेमक्या वेळेचा, तो ‘ॲट’. ॲट द बस स्टॉप, ॲट द गेट, ॲट टेन ओक्लॉक. राज्य-शहर, मग रस्ता, मग घराचं दार. वर्ष-महिना, मग दिवस, मग घड्याळ. जागेला आणि वेळेला हिशोब एकच.

अपवाद आहेतच. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री, आपल्याकडे चारही बहिणी एका साच्यातल्या. इंग्रजीत पहिल्या तिघी ‘इन द मॉर्निंग’, ‘इन द आफ्टरनून’, ‘इन द ईव्हनिंग’, आणि रात्र तेवढी निराळी, ‘ॲट नाइट’. आणि वार जोडला की सगळ्यांवर वाराचीच सत्ता चालते, ‘ऑन मंडे मॉर्निंग’.

वाहनांचंही असंच. एसटीत बसलात तर ‘ऑन द बस’, रेल्वेत ‘ऑन द ट्रेन’. पण रिक्षात ‘इन अ रिक्षा’, मोटारीत ‘इन अ कार’. खूण काय? ज्यात उभं राहून चार पावलं टाकता येतात त्याला ‘ऑन’. ज्यात वाकून शिरावं लागतं आणि बसूनच राहावं लागतं त्याला ‘इन’. सायकल आणि स्कूटरवर आपणही ‘वर’च बसतो, त्यामुळे तिथे ‘ऑन’. आणि बसमधून उतरताना आपण म्हणतो ‘गेट डाउन’. भारतात ते सगळ्यांना कळतं. पण रुळलेलं इंग्रजी रूप आहे ‘गेट ऑफ द बस’.

पाकिटावर, बाटलीवर, मोबाइलवर

इंग्रजी बोलायची वेळ रोज येत नसेल, पण वाचायची येतेच. दुपारी वाणसामान लावताना पाकिटं उलटी करून बघा.

‘बेस्ट बिफोर सिक्स मंथ्स फ्रॉम पॅकेजिंग’. यातला ‘फ्रॉम’ सांगतो की मोजणी पाकीट भरल्याच्या तारखेपासून करायची. आपण आणलं किंवा फोडलं त्या दिवसापासून नाही. ‘यूज बाय’ मध्ये पुन्हा तोच ‘बाय’ आला. या तारखेपर्यंतच वापरा, त्यानंतर नको. ‘बेस्ट बिफोर’चा अर्थ असा की त्या तारखेआधी चव आणि दर्जा उत्तम. दोन्हीकडे तारीख छापलेली असते, पण ‘यूज बाय’ जास्त कडक.

औषधावर ‘कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’. यातलं ‘आउट ऑफ’ सोडून नुसतं ‘रीच’ आणि ‘चिल्ड्रन’ वाचलं, तर अर्थ बरोबर उलटा होईल! ‘ऑन ॲन एम्प्टी स्टमक’ म्हणजे उपाशीपोटी. इथे ‘ऑन’ बघून पोटावर चोळायचं औषध समजू नका.

डॉक्टरांशी बोलताना तीन जोड्या पक्क्या ठेवा. ‘सफरिंग फ्रॉम’ म्हणजे अमुक त्रास आहे. ‘पेन इन द नी’ म्हणजे गुडघ्यात दुखतं. आणि सगळ्यात महत्त्वाची ‘ॲलर्जिक टू’. अमुक औषध चालत नाही, हे सांगताना औषधाचं नाव आणि ‘ॲलर्जिक’ हा शब्द स्पष्ट म्हणा. ‘टू’ जमला तर उत्तम. नाही जमला तरी अडू नका, आधी सांगून टाका.

मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो. ‘डेबिटेड फ्रॉम युवर अकाउंट’ म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे गेले. ‘क्रेडिटेड टू युवर अकाउंट’ म्हणजे तुमच्या खात्यात आले. डेबिट-क्रेडिटचा गोंधळ झाला तर छोट्या शब्दाकडे बघा. ‘फ्रॉम’ म्हणजे जिथून निघाले, ‘टू’ म्हणजे जिथे पोचले. ‘पेमेंट टू’ नंतर दुकानदाराचं नाव असेल तर आपण दिले. ‘पेमेंट फ्रॉम’ नंतर गिऱ्हाइकाचं नाव असेल तर आपल्याला मिळाले. घरबसल्या ब्लाउज शिवणाऱ्या, डबे देणाऱ्या, मसाले विकणाऱ्या मैत्रिणींनी हे दोन शब्द ओळखले तर रोजचा हिशोब विचारायला दुसऱ्याकडे जावं लागणार नाही.

एक ‘लुक’, चार अर्थ

काही जोड्यांत छोटा शब्द बदलला की अख्खं काम बदलतं. ‘लुक’ घ्या. ‘लुक ॲट द बेबी’, बाळाकडे बघ. ‘लुक फॉर द बेबी’, बाळाला शोध. ‘लुक आफ्टर द बेबी’, बाळाला सांभाळ. ‘लुक इन्टू द मॅटर’, प्रकरणाची चौकशी कर. शेजारणीला ‘लुक आफ्टर’ सांगायचं सोडून ‘लुक फॉर’ सांगितलंत, तर बिचारी गल्लीभर हाका मारत सुटेल!

‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याला झेलायला दे. ‘थ्रो द बॉल ॲट हिम’ म्हणजे त्याला नेम धरून मार. ‘ॲट’मध्ये बरेचदा असा नेम असतो. म्हणूनच कुणाला हसणं, म्हणजे चेष्टा करणं, ते ‘लाफ ॲट’. सोबत हसणं ते ‘लाफ विथ’. ‘गुड’चंही तसंच. ‘गुड ॲट कुकिंग’ म्हणजे स्वयंपाकात हुशार. ‘गुड फॉर हेल्थ’ म्हणजे तब्येतीला चांगलं. ‘गुड टू हिज मदर’ म्हणजे आईशी चांगलं वागणारा. अशी जोडी एकदा कळली की विसरत नाही.

चुकलं तर काय होईल?

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा काहीच होणार नाही. ‘मॅरीड विथ’ म्हटलं तरी समोरच्याला तुमचं लग्न झाल्याचं कळणारच आहे. ‘डिस्कस अबाउट’ तर भल्याभल्या साहेबांच्या तोंडी असतं. आणि ज्यांची ती भाषा आहे त्यांच्यातही एकमत कुठे आहे? फॉर्म भरणं याला इंग्लंडात ‘फिल इन’ म्हणतात, अमेरिकेत ‘फिल आउट’ आणि आपल्याकडे सर्रास ‘फिल अप’. शनिवार-रविवारला इंग्लंडात ‘ॲट द वीकेंड’, अमेरिकेत ‘ऑन द वीकेंड’. म्हणजे कुणी तुमच्या एका ‘ॲट’वर नाक मुरडलं, तर त्याचं खरं असेलच असं नाही.

म्हणून चुकांची दोन गाठोडी करा. तारीख, पैसे, औषध आणि पत्ता यांतला छोटा शब्द चुकला तर नुकसान होतं. तिथे डोळ्यांत तेल घालायचं, कळलं नाही तर खुशाल परत विचारायचं. बाकी गप्पांमध्ये, ओळख करून देताना, मुलांच्या बाईंशी बोलताना चुकलं तर चुकू द्यायचं. तिथे खरं नुकसान होतं ते गप्प बसण्यानं. ‘इंग्लिश विंग्लिश’ हा 2012 सालचा सिनेमा आठवतो ना? श्रीदेवीनं रंगवलेली लाडू करणारी शशी गोडबोले शेवटी लग्नघरात उभी राहून बोलते. तिचं इंग्रजी साधं, अडखळतं. पण म्हणायचं ते ती सगळं म्हणते.

वाणसामानाच्या यादीशेजारी एक यादी

मग सुधारायचं कसं? क्लासच लावला पाहिजे असं नाही. एक वही पुरे, यादीची असली तरी चालेल.

नवा शब्द कधीही एकटा लिहू नका. ‘इंटरेस्टेड’ लिहिलंत तर अर्धंच काम झालं. ‘इंटरेस्टेड इन’ लिहा. शेजारी मराठी अर्थ, आणि खाली आपल्या घरातलं एक वाक्य. ‘माय डॉटर इज इंटरेस्टेड इन ड्रॉइंग.’ आपल्या माणसांवर केलेलं वाक्य लक्षात राहतं. दिवसाला दोनच जोड्या, पण मोठ्यानं म्हणायच्या. कणीक मळताना, झाडलोट करताना, कुणी ऐकत असो-नसो. कानाला सवय झाली की चुकीची जोडी आपोआप टोचायला लागते. जेवणात मीठ कमी पडलं की पहिल्या घासाला कळतं ना, तसंच.

शंका आली तर शब्दकोश बघा. पण नुसता मराठी अर्थ देणारा नको. परभाषकांसाठी केलेले इंग्रजी-इंग्रजी कोश मिळतात, त्यात शब्दासोबत त्याचा सोबतीही दिलेला असतो. हॉर्नबी नावाच्या शिक्षकांनी केलेला असा कोश ऑक्सफर्डनं 1948 साली काढला, आणि त्याच्या नव्या आवृत्त्या अजून निघतात. आता तो मोबाइलवरही बघता येतो. मुलांची इंग्रजीची पाठ्यपुस्तकंही उत्तम. धडा वाचताना छोट्या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मारा. मुलांनाच सांगा, तुम्ही मला विचारा. त्यांनाही मजा वाटेल, आणि त्यांचाही अभ्यास होईल.

सुरुवातीला या जोड्या वहीत उतरवून घ्या:

गुड ॲट – अमुक गोष्टीत हुशार. ‘गुड इन’ नको.
आफ्रेड ऑफ – अमुक गोष्टीला घाबरणारी. ‘फ्रॉम’ नको.
प्राउड ऑफ – कुणाचा तरी अभिमान असलेली.
वेट फॉर – वाट बघणे.
लिसन टू – ऐकणे. ‘लिसन मी’ नाही, ‘लिसन टू मी’.
थँक यू फॉर – अमुक गोष्टीबद्दल आभार.
काँग्रॅच्युलेशन्स ऑन – अमुक यशाबद्दल अभिनंदन.
सीनियर टू, ज्युनियर टू – नोकरीत वरची, खालची. ‘पेक्षा’ आठवून ‘दॅन’ लावू नका.
प्रेफर टी टू कॉफी – कॉफीपेक्षा चहा आवडतो. इथेही ‘दॅन’ नाही, ‘टू’.
डिफरंट फ्रॉम – अमुकपेक्षा वेगळं.
कोप विथ – निभावून नेणे. मध्ये ‘अप’ घुसवू नका.
इन टाइम – वेळेच्या आत, उशीर न होता. ऑन टाइम – ठरल्या वेळी. एसटी ‘ऑन टाइम’ सुटली, पण आपण ‘इन टाइम’ पोचलो म्हणून मिळाली.

बारा जोड्या आहेत. रोज दोन म्हटल्या तरी सहा दिवसांत होतात. सातव्या दिवशी सुट्टी घ्या, नाहीतर एखाद्या मैत्रिणीला फोन लावून दोन वाक्यं इंग्रजीत बोला. ती हसली तर विचारा, ‘आर यू लाफिंग ॲट मी ऑर विथ मी?’